पानं, गारगोट्या आणि अमीबा: स्कँडिनेव्हियाच्या १९४५ ते १९७५ मधल्या दागिन्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दागिना हातात आला की आधी तो उलटा करा. कारागिराचं नाव, धातूचा कस, देश, कधी कधी वर्षसुद्धा पाठीवरच लिहिलेलं असतं. मागे कुणी दुरुस्ती केली असेल तर तीही तिथेच दिसते. खालचे बहुतेक प्रश्न नातेवाइकांनी परदेशातून आणलेल्या, तिकडच्या जुन्या बाजारात मिळालेल्या किंवा ऑनलाइन लिलावात दिसलेल्या वस्तूंबद्दल आलेले आहेत. छापातली अक्षरं दागिन्यावर रोमन असतात. इथे ती देवनागरीत दिली आहेत.

१. फुलापानांचे दागिने आपल्याकडेही आहेत. मग यांत वेगळं काय?

आपली जवमाळ, बकुळीहार, पोहेहार किंवा चाफेकळी घ्या. एक दाणा किंवा एक कळी ठरते आणि तीच पुन्हा पुन्हा ओवली जाते. सौंदर्य त्या आवर्तनात असतं. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर जे घडलं त्यात आवर्तन कमी आणि वळण जास्त आहे. एकच पान, पण वाऱ्याने मुडपलेलं. एकच थेंब, पण गळायच्या बेतात असलेला. धातू जाड, खडे मोजके आणि पृष्ठभाग बहुधा मोकळा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे हेनिंग कोपेल (१९१८–१९८१). ते मूळचे शिल्पकार. १९४५ पासून त्यांनी कोपनहेगनच्या गेओर्ग येन्सन (आपल्याकडे ‘जॉर्ज जेन्सन’ म्हणतात) कार्यशाळेसाठी चांदीत काम केलं. त्यांच्या ८९ क्रमांकाच्या ब्रेसलेटची कडी नीट पाहिली तर ती कुठल्याच एका प्राण्याची नाही. मणक्याचं हाड म्हणावं तर तसं वाटतं, अमीबा म्हणावं तर तसंही. एक कडी दुसरीच्या खोबणीत अशी बसते की जोड दिसतच नाही. याच कार्यशाळेत १९०४ पासून कळ्या, द्राक्षं, पक्षी असे ओळखू येणारे आकार घडत होते. कोपेल यांनी निसर्गाची नक्कल सोडली आणि त्याची वाढायची रीत तेवढी ठेवली. आमच्या मते या काळाचं मर्म तेच आहे.

२. कोणत्या देशात कोणते आकार जास्त दिसतात?

नॉर्वे म्हणजे मीनाकाम केलेली पानं. डेन्मार्कमध्ये हरीण, डॉल्फिन, डेझीची फुलं आणि कोपेल यांचे निराकार आकार. स्वीडनची मोठी कारागीर तोरुन ब्यूलोव-ह्यूबे (१९२७–२००४). फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर राहत असताना तिने समुद्रावरच्या साध्या गारगोट्या चांदीच्या तारेत लोंबत्या ठेवल्या. तिची तार पाण्याच्या भोवऱ्यासारखी मानेभोवती फिरते.

फिनलंडची गोष्ट न्यारी. १९६० मध्ये स्थापन झालेल्या लाप्पोनिया या दागिन्यांच्या कंपनीसाठी ब्यॉर्न वेकस्ट्रोम यांनी १९६३ पासून खडबडीत, बर्फाने खाल्लेल्या खडकासारखी सोन्या-चांदीची पृष्ठं केली. पेंट्टी सार्पानेवा (१९२५–१९७८) यांनी ब्राँझला जाळीदार केलं. १९७० च्या दशकात हान्नु इकोनेन यांनी वालो-कोरु कंपनीसाठी ‘रेनडिअर मॉस’ नावाची ब्राँझची मालिका केली. नावात मॉस असलं तरी रेनडिअर मॉस हे शेवाळ नव्हे. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्या दगडफुलासारखंच ते लायकेन आहे. दगडफुलाचा तुकडा तळहातावर घेऊन त्याच्या मुरडलेल्या कडा पाहा, म्हणजे या लायकेन मंडळींची वाढायची तऱ्हा लक्षात येईल.

३. पाठीवर ‘८३० एस’, ‘९२५ एस’, ‘८१३ एच’ असं काहीतरी आहे. अर्थ काय?

आकडा म्हणजे हजार भागांत चांदीचे किती भाग. ९२५ म्हणजे स्टर्लिंग. डेन्मार्क आणि नॉर्वेमध्ये ‘एस’ हे अक्षर चांदीसाठी. फिनलंडमध्ये ‘एच’, कारण फिनिश भाषेत चांदीला ‘होपेआ’ म्हणतात. फिनलंडमध्ये ८१३, ८३०, ९१६ आणि ९२५ असे कस भेटतात.

स्वीडनच्या वस्तूवर बहुतेक वेळा आकडा नसतोच. तिथे तीन मुकुटांचं छोटं चिन्ह आणि ‘एस’ मिळून चांदी किमान ८३० असल्याचं सांगतात. फिनलंडमध्ये मुकुट हृदयाच्या आकारात असेल तर माल देशी, लंबवर्तुळात असेल तर बाहेरून आलेला. नॉर्वेच्या डेव्हिड-अँडरसनच्या (स्थापना १८७६) छापात तराजू दिसतो. ‘स्टर्लिंग डेन्मार्क’ किंवा ‘स्टर्लिंग नॉर्वे’ असे इंग्रजी शब्द असतील तर इंग्रजी वाचणारं, म्हणजे बहुधा परदेशी, गिऱ्हाईक डोळ्यासमोर होतं असं समजावं.

४. फिनलंड आणि स्वीडनच्या दागिन्यांवरून नेमकं वर्ष कसं काढायचं?

दोन्हीकडे एक अक्षर आणि एक आकडा असतो. चक्र २४ अक्षरांचं आहे; त्यात जे आणि डब्ल्यू नाहीत. ए पासून मोजायला लागा.

फिनलंड: ‘ए ७’ म्हणजे १९५४, ‘झेड ७’ म्हणजे १९७७, आणि ‘ए ८’ म्हणजे १९७८.
स्वीडन: ‘ए ९’ म्हणजे १९५१, ‘झेड ९’ म्हणजे १९७४, आणि ‘ए १०’ म्हणजे १९७५.

‘एन’ हे तेरावं अक्षर, म्हणून फिनलंडचा ‘एन ७’ १९६६ चा. हाच ‘एन ७’ स्वीडनचा असेल तर तो १९१५ चा! चुका नेमक्या इथे होतात: विकणारा चुकीच्या देशाचं चक्र लावतो आणि वस्तू पन्नास वर्षांनी म्हातारी होते. म्हणून आधी देश पक्का करा (प्रश्न ३), मग वर्ष. मोजताना ‘आय’ नंतर थेट ‘के’ येतो हे विसरलात तर एका वर्षाचा फरक पडतो.

डेन्मार्क आणि नॉर्वेच्या दागिन्यांवर असं वर्षाचं अक्षर सहसा नसतं. तिथे कार्यशाळेच्या छापाची शैली पाहावी लागते.

५. ठिपक्यांच्या लंबवर्तुळात ‘गेओर्ग येन्सन’ असा छाप आहे. म्हणजे दागिना १९५० च्या आसपासचा का?

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. हा छाप १९४५ पासून आजतागायत चालू आहे, म्हणून त्यावरून ‘१९४५ किंवा नंतर’ एवढंच ठरतं. शेजारचा क्रमांक हा नमुन्याचा क्रमांक असतो. तो आराखडा कधी झाला ते त्यावरून कळतं, तुमची प्रत कधी घडली ते कळत नाही. गाजलेले नमुने अनेक दशकं बनत राहिले.

मदत होते ती आयातीच्या छापाची. ब्रिटनमध्ये विकायला गेलेल्या नगांवर लंडनच्या तपासणीचे छाप आणि वर्षाचं अक्षर असतं. तो नग त्या वर्षी ब्रिटनमध्ये तपासला गेला, म्हणजे घडला त्याआधी किंवा त्याच सुमाराला. मूळ डबी आणि पावती असेल तर ती कधीही टाकू नका.

६. छाप ‘गेओर्ग येन्सन इनकॉर्पोरेटेड, यू.एस.ए.’ असा आहे. बनावट?

बनावट नाही, पण डॅनिशही नाही. महायुद्धात डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात गेल्यावर न्यूयॉर्कच्या दुकानाचा पुरवठा तुटला. तेव्हा त्या दुकानाने अमेरिकेतल्या कारागिरांकडून माल घडवून घेतला. अल्फॉन्स ला पाग्लिया हे त्यांतलं मोठं नाव. पानं, शेंगा, मणी यांचं त्यांचं काम सुंदर आहे आणि त्याचे वेगळे संग्राहकही आहेत. मात्र कोपनहेगनचं म्हणून कुणी विकत असेल तर ते चूक.

७. दागिन्यावर छापच नाही. मग?

खाली दिलेल्या जागा भिंगाखाली पाहा. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. ब्रोचच्या पिनेचा दांडा आणि बिजागरीची बाजू, कानातल्याच्या क्लिपची आतली पट्टी, हाराच्या फाशाची जीभ. हारात छाप पुष्कळदा फक्त फाशावर असतो आणि फासा बदलला की छापही गेला. याच्या उलटही घडतं: साध्या साखळीला नामांकित फासा जोडलेला असतो. फाशाची आणि कड्यांची झीज सारखी आहे का, ते पाहा.

छाप नसण्याचं आणखी एक कारण म्हणजे पॉलिशचं चाक. एकदा जोरात चाक फिरलं की उथळ छाप पुसट होतो, दुसऱ्यांदा नाहीसाच होतो. तेव्हा आजूबाजूच्या कडाही बोथट झालेल्या दिसतील.

८. घरी चांदी तपासता येईल का? कस लावून ओरखडा काढायचा नाही.

भरीव, खड्याविना, मीन्याविना नगासाठी पाण्याचं वजन ही चांगली पद्धत. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या.

आधी कोरड्या नगाचं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नग बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा हातात धरा. तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. नग ३१ ग्रॅमचा आणि काटा ३ दाखवत असेल तर उत्तर १०.३.

९२५ चांदीचं उत्तर सुमारे १०.४ आणि ८३० चं १०.२ येतं. ब्राँझ ८.८ च्या आसपास, जर्मन सिल्व्हर ८.६ ते ८.७, पितळ ८.५. नक्षीत बुडबुडे अडकले तर उत्तर कमी येतं. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की ते सुटतात. पोकळ नगावर ही पद्धत चालत नाही. ८३० आणि ९२५ मधला फरक काढायलाही तिच्यावर विसंबू नका, दोन्हींत अंतर फार थोडं आहे.

लोहचुंबक चांदीला चिकटत नाही, पण पिनेचा दांडा पोलादाचा असू शकतो. तो चिकटला म्हणून ब्रोच खोटा ठरत नाही.

९. आमचे सोनार म्हणतात, ‘८३० असा कसच नसतो’. खरं काय?

तुमचे सोनार आणि दागिन्यावरचा छाप, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. भारतीय मानकात ८०० आणि ८३५ आहेत, ८३० नाही. त्यामुळे इथल्या सोनाराला तो आकडा अनोळखी वाटतो. डेन्मार्क आणि नॉर्वेमध्ये तो नेहमीचा होता. २० ग्रॅमच्या नगात ८३० असेल तर शुद्ध चांदी १६.६ ग्रॅम, ९२५ असेल तर १८.५ ग्रॅम. मोडीत फरक पडेल तो एवढाच. पण हे दागिने मोडीच्या भावाने मोजायचे नसतात. गाजलेल्या नमुन्याची किंमत धातूच्या कितीतरी पट असते, आणि वितळवलेला नग परत येत नाही.

१०. नॉर्वेचं मीन्याचं पान कसं बनतं? हिरव्या रंगाखाली रेषा चमकतात त्या कशाच्या?

चांदीचा पत्रा साच्यात दाबून पानाचा आकार घेतात. मग त्यावर यंत्राने किंवा ठशाने अगदी जवळजवळ, एकसारख्या रेषा उमटवतात. या रेषाच पानाच्या शिरा होतात आणि उजेड परतवतात. रंग म्हणजे काचेची पूड. ती पाण्यात धुऊन, ओली असतानाच पातळ थरात पसरतात, पूर्ण वाळवतात आणि सुमारे ८०० अंश सेल्सियसला काही मिनिटं भाजतात. असे दोन ते चार थर. थर ओलसर राहिला तर वाफेने फोड येतात. जाड झाला तर रंग काळवंडतो आणि रेषा दिसेनाशा होतात. शेवटी घासून सपाट करतात, चकाकीसाठी पुन्हा एक झटपट भाजणी देतात आणि उघड्या चांदीवर सोन्याचा मुलामा चढवतात.

पान तिरकं धरून खिडकीजवळ फिरवा. चांगल्या कामात चमक शिरेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर सरकते, जणू पान हललं. डेव्हिड-अँडरसन, अक्सेल होल्मसेन, हरोआर प्रिड्स, आल्बेर्ट शार्निंग ही नावं या कामात नेहमी भेटतात. पांढऱ्या अपारदर्शक मीन्यात ही रेषांची गंमत नसते, मात्र त्यावर टवका लपतही नाही.

११. मीन्याचा टवका उडालाय. दुरुस्त करावा का?

टवका टोकाला आणि दोन मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर आमचं उत्तर ‘नको’. खरी दुरुस्ती म्हणजे पुन्हा भट्टी. त्यासाठी मुलामा काढावा लागतो, जुन्या काचेशी जुळणारी काच लागते (जुन्या आणि नव्या काचेचं प्रसरण वेगळं असलं की थंड होताना नव्या भेगा पडतात) आणि पारदर्शक रंग खालच्या रेषांवर हुबेहूब जुळणं फार दुर्मीळ.

बाजारात ‘दुरुस्त’ म्हणून मिळतं ते बहुधा रंगीत रेझिन. भिंगाखाली ते मऊ दिसतं, त्यात रेषा तुटलेल्या दिसतात आणि जांभळ्या दिव्याखाली ते आजूबाजूच्या काचेपेक्षा वेगळं चमकू शकतं. रेझिन भरणं गुन्हा नाही, पण विकताना ते सांगायला हवं.

टवके का उडतात? बहुतेक वेळा पडल्यामुळे नव्हे, तर वाकल्यामुळे. पान दोन बोटांत दाबून पीन लावली की पत्रा किंचित वाकतो. काच वाकत नाही. म्हणून मीन्याचा ब्रोच कडेने धरा, पोटावर दाबू नका.

१२. मीन्याच्या ब्रोचची पीन तुटली. गल्लीतले सोनार पाच मिनिटांत झाळून देतो म्हणतात.

देऊ नका. चांदीची झाळ वितळायला लागतं ते तापमान काचेला तडे पाडायला पुरेसं असतं आणि आंच एका बाजूनेच लागल्याने धोका आणखी वाढतो. सोन्याचा मुलामाही काळा पडतो. मूळ कारागीर पीन मीन्याच्या आधी झाळत असत, नंतर नाही.

आता दोन मार्ग आहेत. बिजागरी शाबूत असेल तर फक्त दांडा बदलता येतो: जुनी खीळ काढून नवा दांडा, आंच अजिबात नाही. बिजागरीच निघाली असेल तर लेझर वेल्डिंग. त्यात उष्णता टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत राहते. मुंबई-पुण्यात दागिन्यांची लेझर यंत्रं असलेले कारखाने आहेत. काम देताना ‘मीना आहे, आंच नको, नंतर चाक नको’ हे तीन शब्दप्रयोग चिठ्ठीवर लिहून द्या. शिशाची मऊ झाळ किंवा तत्काळ चिकटणारा गोंद लावून घेऊ नका. पुढच्या दुरुस्तीत तोच आडवा येतो.

१३. घरी साफ कसं करायचं? रांगोळी, चिंच, टूथपेस्ट चालेल?

देवाच्या भांड्यांना जे चालतं ते इथे चालत नाही. रांगोळी आणि टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात. ते कोपेल यांच्या वळणावर धुरकट ओरखड्यांचं जाळं करतात. चिंच-लिंबाचं आम्ल ब्राँझचा जुना रंग उतरवतं आणि मीन्याची चकाकी मंद करू शकतं. ॲल्युमिनियमचा कागद, सोडा आणि गरम पाणी ही युक्ती काळेपणा खरोखर काढते, पण मुद्दाम केलेला काळेपणाही काढते (प्रश्न १४). पोकळ नगात खारं पाणी शिरलं तर ते बाहेर येत नाही.

साध्या चांदीसाठी एवढं करा: एक लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा सौम्य, लिंबाविना असलेला द्रवसाबण. लहान बाळाचा मऊ ब्रश. एक-दोन मिनिटं हलक्या हाताने. स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळून सुती फडक्यावर टिपा, ड्रायरच्या थंड हवेने सांध्यांतलं पाणी काढा. मग चांदी पुसायचं कापड फक्त उंच भागांवरून, एकाच दिशेने. मीना असेल तर बुडवू नका. ओलसर कापसाच्या बोळ्याने पुसा, लगेच कोरडं करा.

१४. खोलगट भागात काळं आहे. मळ की मुद्दाम?

मुद्दाम केलेलं काळं एकसारखं, मॅट असतं आणि नक्षीच्या कडेशी स्वच्छ थांबतं. गंधकाच्या द्रावणाने चांदी काळी करून उंच भाग उजळलेले असतात. हरणाच्या पोटाखालची सावली त्यामुळेच दिसते. मळ पिवळा, तपकिरी, निळसर असा रंग बदलत जातो आणि नक्षीला न जुमानता पसरतो. वाळलेली पॉलिशची पेस्ट पांढरट-हिरवी असते. ती ओल्या लाकडी काडीने निघते.

आणखी एक गोष्ट: पॉलिशनंतर मधूनच करडे-जांभळट डाग दिसले तर तो मळ नव्हे. चांदी तापवताना तिच्यातलं तांबं पृष्ठाखाली ऑक्साइड होऊन बसलेलं असतं. घासून तो घालवायला गेलात तर चांदीचा जाड थर जाईल. असू द्या.

सोनार ‘रोडियम मारून देतो, काळं पडणार नाही’ म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा. रोडियम या धातूच्या मुलाम्याचा निळसर, थंड पांढरा रंग चांदीच्या ऊबदार पांढऱ्यावर बसतो आणि सगळी खोली सपाट होते.

१५. खडे, अंबर, ॲक्रिलिक यांची काळजी?

डॅनिश दागिन्यांत अंबर आणि मूनस्टोन, फिनिश दागिन्यांत य्लामा या गावचा, रंगांची झळक देणारा स्पेक्ट्रोलाइट खडा, तोरुनकडे स्फटिक आणि गारगोट्या. सफाईचं अल्ट्रासॉनिक यंत्र यांतल्या कशालाच नको. अंबर मऊ आहे आणि अत्तराने चिकट होतं. वेकस्ट्रोम यांच्या १९६९ च्या ‘स्पेस सिल्व्हर’मध्ये ॲक्रिलिक आहे. त्याचा खरा शत्रू स्पिरिट: हाताला सॅनिटायझर लावून लगेच अंगठी घातली की काही दिवसांत ॲक्रिलिकमध्ये केसासारख्या भेगा दिसू शकतात. नेलपॉलिश रिमूव्हर तर जवळही नको. साधं पाणी आणि मऊ कापड पुरे.

१६. फिनलंडचं ब्राँझचं पदक हिरवं होतंय आणि गळ्यावर डाग पडतो.

ब्राँझमध्ये मुख्य धातू तांबं. घामातलं मीठ आणि आम्ल तांब्याशी मिळून हिरवा क्षार होतो. तो त्वचेवरून साबणाने जातो. नगावर मात्र भुकटीसारखा, मोकळा हिरवा थर आणि घट्ट, तपकिरी-सोनेरी जुना रंग यांत फरक करा. पहिला लाकडी काडी आणि कोरड्या ब्रशने काढायचा, दुसरा राखायचा. नंतर मेणाचा अगदी पातळ हात देऊन अर्ध्या तासाने फडक्याने चमकवा. कोकण-मुंबईच्या हवेत रोज वापर असेल तर दोन-तीन महिन्यांनी मेण पुन्हा लावावं लागतं.

१७. पावसाळ्यात कसं ठेवायचं?

एका झिपच्या पाकिटात एकच नग, पाकीट साध्या पॉलिथिनचं. वास येणारं मऊ पीव्हीसी नको. हवा दाबून काढा. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि रंग बदलला की बदला. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकर आणि नमदा यांत गंधक असतं. रबरबँडने चांदीवर उमटलेली काळी रेघ सहज जात नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीचं कपाट टाळा. हिंग, कांदा, अंडी यांच्या वासातही गंधकाची संयुगं असतात.

१८. पैठणीवर ब्रोच लावता येईल का?

येईल, पण जरीतून पीन घालू नका. तार तुटली की पुन्हा जुळत नाही. खांद्यावर पदराच्या निऱ्या एकत्र करून रेशमाच्या भागातून पीन न्या आणि आतून ब्लाउजच्या शिवणीपाशी तीन-चार सेंटिमीटरचा सुती तुकडा घ्या, म्हणजे वजन कापडाच्या तीन-चार थरांवर वाटलं जातं. तीस ग्रॅमपेक्षा जड नग पदरावर झुकतो. तो जाड खादीवर किंवा शालीवर शोभतो. लावण्याआधी पिनेचं टोक नखावरून फिरवा. अडकलं तर आधी बारीक पॉलिश कागदाने टोक गुळगुळीत करा.

१९. आजीची पांढऱ्या डेझीची पीन मिशेलसेनची आहे, पण दुकानात तीच येन्सनच्या नावाने दिसते. कोणती खरी?

दोन्ही. हे फूल १९४० मध्ये, डेन्मार्कच्या राजकन्या मार्ग्रेथच्या जन्मानिमित्त ए. मिशेलसेन यांच्या कार्यशाळेत बनलं. चांदीवर सोन्याचा मुलामा आणि पांढरा मीना. पुढे मिशेलसेन रॉयल कोपनहेगन या पोर्सिलेनच्या कंपनीकडे आली, येन्सनही त्याच घरात आली आणि डेझी आता येन्सनच्या नावाने विकली जाते. पाठीवर ‘ए. मिशेलसेन’ असेल तर तुमची पीन जुन्या घरातली. पाकळ्यांच्या टोकांना टवके आहेत का ते प्रश्न ११ प्रमाणे पाहा.

२०. ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडून काय मागायचं? नक्कल कशी ओळखायची?

पुढून, मागून, दोन्ही कडांवरून, छापाचा जवळून आणि पिनेच्या बिजागरीचा, असे फोटो. एक फोटो बाजूच्या तिरक्या उजेडात. टवके, ठोके आणि झाळीचे फुगवटे त्यातच दिसतात. शिवाय वजन ग्रॅममध्ये आणि लांबी मिलिमीटरमध्ये.

मोजमाप महत्त्वाचं, कारण अस्सल नगावरून रबराचा साचा काढून ओतलेली नक्कल आकसते. ती मूळ नगापेक्षा काही टक्के लहान येते. छापही ओतूनच आलेला असतो: कडा गोल, तळात बारीक बुडबुडे. अस्सल छाप ठशाने ठोकलेला असतो, त्याच्या कडा कोरीव असतात आणि भोवती धातू किंचित उचललेला असतो.

अपवाद एक आहे. ओतीव काम म्हणजे नक्कल, असं समजू नका. फिनलंडचं बरंचसं काम मूळचंच ओतीव आहे, आणि तिथे खडबडीत पृष्ठ हाच गुण. अशा नगाचा पृष्ठभाग सोडा, फक्त छाप आणि पाठ तपासा.

२१. ब्रेसलेट सैल होतं. दोन कड्या काढून त्यांची कानातली करू का?

कड्या काढा, पण कापू नका. बहुतेक ब्रेसलेटमध्ये जोडाची खीळ किंवा कडी उघडून कडी बाजूला करता येते. फाशाजवळची काढा, म्हणजे छाप असलेला भाग हलत नाही. काढलेल्या कड्या त्याच पाकिटात ठेवा आणि किती काढल्या ते चिठ्ठीवर लिहा. त्यांना हूक झाळून कानातली केलीत तर मूळ लांबी परत येत नाही आणि पुढच्या पिढीतल्या जाड मनगटाला ते ब्रेसलेट कायमचं बंद होतं. कोपेल यांच्या ८९ सारख्या नमुन्यात जोड कडीच्या पाठीत दडवलेला असतो. तो साध्या पक्कडीने उघडायला जाऊ नका. त्याऐवजी एक-दोन सेंटिमीटर सैल घाला. त्या कड्या मनगटावर किंचित घरंगळाव्यात अशाच आखलेल्या आहेत.